पिवळ्या रेघेचा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वर्कशॉपचे मालक आदरणीय साहेब, प्रमुख पाहुण्या, डोंगरावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई, आत्ताच ज्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते त्यांचे ड्रायव्हरदादा, टायरवाले, पत्रेवाले, बॅटरीवाले अशी सगळी शेजारची दुकानदार मंडळी, माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसून ‘आटोपतं घ्या’ असं डोळ्यांनी सांगणारी माझी बायको, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

सत्काराला उत्तर देताना माणसानं ‘या कौतुकाला मी पात्र नाही’ असं म्हणायचं असतं. ती रीत आहे. समोरच्यांनीही ते ऐकून मान हलवायची असते आणि मनात म्हणायचं असतं, काय नम्र माणूस आहे! मीही आज तेच म्हणणार आहे, पण कृपा करून मान हलवू नका. ते रीत म्हणून म्हणत नाहीये.

ड्रायव्हरदादांनी सांगितलं की त्यांच्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलमध्ये मी लॉकवालं डिफरन्शियल बसवलं, आणि त्यामुळे परवा भर चिखलातून एक बाळंतीण सुखरूप खाली आली. टाळ्या तर अशा वाजल्या की मला वाटलं छप्पर येतंय खाली. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चिखलात एक चाक घसरायला लागलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते आणि दुसरं चाक मख्खासारखं उभं राहतं. लॉक लावला की मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी निघते. तर ते काम माझं, माझं शेवटचं मोठं काम, असा सगळ्यांचा समज आहे. आज सकाळपर्यंत माझाही होता.

नवीन काम केलं की थोडी गाडी पळाल्यावर पहिलं तेल काढून टाकतात. दादा त्यासाठी आज गाडी घेऊन आले. म्हटलं, नोकरीचा शेवटचा दिवस आहे, आपणच करू. तेल सोडलं, मागचं झाकण उघडलं. खरं सांगायचं तर कामापेक्षा स्वतःचीच कारागिरी बघायची हौस होती. आणि हो, चष्मा लावला. कारण आसपास कोणी नव्हतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्यानं बोल्ट आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाची रेघ मारायची, म्हणजे उद्या काही झालं तर कोणाची मान धरायची ते कळतं. माझा रंग पिवळा. आत बघितलं तर बोल्टांवर पिवळ्या रेघा होत्या. बारीक, सरळ, पट्टी लावून ओढाव्यात तशा. मंडळी, माझा हात किती थरथरतो हे माझ्या कपातल्या चहाला विचारा. गेल्या कित्येक दिवसांत माझी रेघ सरळ आलेली नाही.

सकाळी त्या वेळी वर्कशॉपच्या पार दुसऱ्या टोकाला एकच व्यक्ती काम करत होती. तुम्ही सगळे त्यांना मोजणीबाई म्हणता. हे नाव मी ठेवलं. प्रत्येक गोष्ट गेज लावून मोजतात म्हणून. ‘गाडी दुरुस्त करायला आलीस की जमीन मोजायला?’ असं मी सगळ्यांदेखत विचारायचो, आणि सगळे हसायचे. तुम्हीही हसलेला आहात, आत्ता इकडेतिकडे बघू नका.

मी विचारलं, “हे कोणी आवळलं?”

त्या म्हणाल्या, “तुम्हीच. पिवळी रेघ आहे की.”

“माझी रेघ अशी येत नाही.”

मग त्या हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणाल्या, “टोप्या अदलाबदल झाल्या होत्या, काका.”

डिफरन्शियलच्या दोन बाजूंच्या बेअरिंगवर दोन टोप्या बसतात. डावीची डावीकडेच बसवायची आणि उजवीची उजवीकडेच, नाहीतर बेअरिंग आवळलं जातं. म्हणून उघडतानाच पंचनं खूण करायची, इकडे एक ठिपका, तिकडे दोन. हे आम्ही नवीन पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. मी शिकवतो! आणि मलाच ते ठिपके दिसले नाहीत. चष्मा खिशात होता. फोरमननं चष्मा लावून वाकायचं म्हणजे लोक काय म्हणतील, ही माझी अक्कल. हाताला कळतं, असं मी म्हणत आलो. हाताला काही कळलं नाही. त्या दिवशी काम संपवून मी साहेबांकडे गेल्यावर त्यांनी चाक फिरवून बघितलं, ते एका जागी अडखळत होतं. त्यांनी सगळं पुन्हा उघडलं, टोप्या जागेवर घातल्या, दात्यांमधली मोकळीक मोजली आणि माझी रेघ मारली. पांढरी, म्हणजे स्वतःची, मारली असती तर कोणीतरी विचारलं असतं ना.

डॉक्टरबाई, तुम्ही मघापासून माझ्याकडे बघताय, आणि तुम्हाला काय विचारायचंय ते मला कळतंय. होय. माझ्या हातची गाडी तशीच वर गेली असती, तर उतारावर कुठेतरी ते बेअरिंग जाम झालं असतं. मागे ती बाळंतीण असती. सकाळपासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

पण अजून संपलेलं नाही. मी त्यांना विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

त्या म्हणाल्या, “सांगायला आले होते. तुम्ही साहेबांशी बोलत होता. म्हणालात, जा, जमीन मोजायला जा.”

साहेब, तुम्हाला आठवत असेल. केबिनच्या दाराशी आपण उभे होतो. तुम्ही विचारत होता, तुमच्यानंतर फोरमन कोण? आणि मी माझ्या पुतण्याचं नाव सांगत होतो. तुम्ही म्हणालात, मोजणीबाई अनुभवानं मोठ्या आहेत. मी म्हणालो, बाईच्या हाताला वेग नाही. तेवढ्यात त्या आल्या, तेल लागलेले हात, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मी ते वाक्य फेकलं. आपण दोघंही हसलो. त्या परत गेल्या.

मोजणीबाई, दाराकडे जाऊ नका. बसा. तुम्हाला हे आवडत नाहीये ते दिसतंय, पण एवढं ऐका.

मघाशी साहेबांनी जाहीर केलं की नव्या फोरमनचं नाव मी माझ्या तोंडानं सांगेन. मी माझी शिफारस मागे घेतो. बाळा, तिसऱ्या रांगेत तू मान खाली घालून बसला आहेस. वर बघ. तुझं काही चुकलेलं नाही, काम चांगलं करतोस. लाज माझी आहे, तिच्यात घरच्यांना वाटा देणार नाही. आता तुम्ही म्हणाल, मग मोजणीबाईंचं नाव घ्या की. साहेब, ते घ्यायला मला तोंड नाही. ज्याला डावं-उजवं दिसलं नाही, त्याच्या शिफारशीनं त्यांनी मोठं का व्हावं? पिकअप बाहेर उभी आहे, झाकण मी अजून लावलेलं नाही. खाली वाका, बॅटरी मारा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. त्या रेघांना पिवळ्या समजू नका, एवढंच.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे बघितलं, आवरतो. हा समारंभ ठेवल्याबद्दल साहेबांचे आभार, डोंगर उतरून आल्याबद्दल डॉक्टरबाईंचे आणि दादांचे आभार. माझ्या बायकोचे आभार, तिनं चष्म्याबद्दल किती वेळा सांगितलं ते तिनंच मोजलं असेल. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सगळ्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावं, ही विनंती.

मोजणीबाई, ही विनंती तुम्हाला नाही. तुम्ही काही पोटात घालू नका, पुष्कळ घातलंत. मी इथे सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो, पण सगळे बघताहेत म्हणून लगेच ‘असू दे काका’ म्हणू नका. एरवी काम करता तसं करा. वेळ घ्या, नीट तपासून बघा. आणि बसत नसेल, तर देऊ नका.