दाराआड पेपर चालू आहे

—एक भोक म्हणजे एकच भोक, असं कधी झालंय का मिस्त्री? एक पाडलं की दुसरं येतंच मागून. बसा ना जरा. इथंच, पायरीवर, सकाळीच पुसलीय मी. मशीन खाली ठेवा — हळू — हां. आणि हळू बोला. म्हणजे तुम्ही कुठं बोलताय, मीच बोलतेय, पण सांगून ठेवलेलं बरं. वरच्या काकूंचं कपाट जरा उशिरा लागेल भिंतीला, भिंत काही पळून जात नाही. रागावल्या तर माझं नाव सांगा खुशाल. आत आमच्या ह्यांचा पेपर चालू आहे. हो, ह्याच दाराच्या आत. आता असंच असतं म्हणे — परीक्षा घरात येते आणि घरातल्या माणसांनी बाहेर जायचं.

हसू नका, खरंच सांगते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून एक बाई बघत असते, कुठं बसलेली असते कुणास ठाऊक, ती आधी सगळी खोली फिरवून दाखवायला लावते. टेबलाखाली दाखवा, पडद्यामागे दाखवा, बाह्या वर करा. आमची खोली ती केवढी — एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला पाळणा, मधे दोरीवर ह्या पोरीची दुपटी. ती म्हणाली, दुपटी काढा. कॅलेंडर काढा. पाळण्यात कोण आहे? मी म्हटलं, बाई, आमची ठकी आहे, तिला अजून पालथं पडता येत नाही, ती काय कॉपी पुरवणार! पण मग उचलली हिला, घेतली खांद्यावर, आले बाहेर. खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज आला की पेपर बंद. मघाशी तुमचं पहिलं भोक पडलं ना, ते भिंतीत नाही पडलं, माझ्या छातीत पडलं.

कसला पेपर, असंच बघताय ना? सांगते. हे आधी दुकानादुकानांत फिरून जाहिराती गोळा करायचे. बोलण्यात असे पटाईत, की समोरचा हो म्हणून मोकळा व्हायचा आणि मग विचार करायचा, आपण कशाला हो म्हटलं. मग ऑफिसात सॉफ्टवेअर आलं. त्यात गिऱ्हाइकांची नावं, नंबर, वाढदिवस भरायचे, की ते आपलं आपण सगळ्यांना मेसेज पाठवतं. आणि साहेबांनी सांगितलं, ह्याचं सर्टिफिकेट आणेल तो राहील. झालं. चाळिशीच्या माणसानं फिरून शाळेत बसायचं — चाळिशी नाही अजून ह्यांची, पण दिसायला लागलीय. हा तिसरा डाव. ह्या खेपेला पास नाही झाले तर नोकरी गेली, मग हे मोठ्या दिरांच्या गोदामावर, परगावी, एकटेच. आणि मी नि ही सासूबाईंकडे. सासूबाई वाईट नाहीत हो. त्यांच्यासमोर पाणी प्यायलं तरी घोट मोजल्यासारखं वाटतं, एवढंच.

पेपरात असतं काय सांगू? तेवढाच वेळ जाईल. एका मशीननं दुसऱ्या मशीनला माहिती पाठवायची ती कशी, हे सगळं. मी सातवी शिकलेय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण उजळणी मीच घ्यायची ना ह्यांची. आता बघा, तुम्ही दुकानात फोन केलात, फळी हवी, एवढी उंच, एवढी रुंद. उलटसुलट बोललात तर दुकानदार म्हणेल, मिस्त्री, सकाळीच काय झालंय तुम्हाला? मशीन असं म्हणत नाही. त्याला ठरलेल्या साच्यातच लागतं. आधी महिरपी कंस उघडायचा — शाळेत होता बघा गणितात, मिशीच्या आकड्यासारखा. आत ‘नाव’ हा शब्द, दुहेरी अवतरणात. मग दोन टिंबं. मग त्या माणसाचं खरं नाव, तेही अवतरणात. मग स्वल्पविराम, मग मोबाइल, मग स्वल्पविराम, मग गाव — आणि शेवटाला मात्र स्वल्पविराम नाही. दिलात की सगळं परत. एका शेपटीपायी सगळं! ह्याला म्हणायचं जेसन. दुसरा एक्सएमएल, तो जुन्या वळणाचा, प्रत्येक गोष्टीला उघडताना सांगायचं नि मिटताना परत सांगायचं, सासरी असतं तसं, जाऊ का विचारा आणि आले म्हणूनही सांगा. आणि कुठल्या साच्यात पाठवलंय ते आधी वर लिहायचं, नाहीतर ते उघडून बघतच नाही. तारीख उलटी — वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. हिला टोचायला नेलं तर नर्सबाईंनी जन्मतारीख विचारली, मी सांगितली वर्षापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या, पोरी, झोप होते का तुझी?

नाही होत. ते जाऊ द्या.

मी भांडी घासायची आणि हे ओट्याला टेकून उभे, कागद माझ्यासमोर खिडकीत अडकवलेले. कधी मी विचारायचं, ह्यांनी सांगायचं. कधी हे म्हणायचे, आता तू सांग. माहिती नीट पोचली की तिकडून आकडा येतो, दोनशे. पाठवणाऱ्यानं साचा चुकवला की चारशे. त्यांचंच मशीन बिघडलं की पाचशे. तर हे एकदा जेवताना पहिला घास घेऊन म्हणाले, चारशे! मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, तुमच्या जिभेचंच पाचशे झालंय. असे हसलो, असे हसलो, की ही दचकून उठली. तिला माहीतच नव्हतं ना तो आवाज.

पहिल्या वेळी हे थोडक्यात नापास झाले. दुसऱ्या वेळी मधेच पेपर बंद झाला, खोलीत आवाज झाला म्हणून. सगळ्यांना सांगितलंय की ही रडली. सासूबाई अजून हिच्याकडे अशा बघतात, जसं काही पोरीनं बापाच्या पोटावर पाय दिला. ही कुठली रडतेय! ही गाढ झोपलेली होती. मीच ओरडले. काय आहे, ह्यांना मनातल्या मनात वाचता येत नाही, ओठ हलतात, आवाज फुटतो. त्या वेळी असं बाहेर जायचं माहीत नव्हतं, मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. आणि आतून आलं, ‘नव्या ग्राहकाची माहिती पाठवताना कोणता फॉरमॅट’ — आणि निघालंच माझ्या तोंडून, जेसन! अशी खणखणीत. ती कॅमेऱ्यातली बाई म्हणाली, कोण बोललं? आणि संपलं. उत्तर बरोबर होतं हो, पण त्याचे काय पैसे मिळतात!

हे काही बोलले नाहीत मला. अक्षर नाही. लोकांना सांगितलं, मुलगी रडली. मग एका संध्याकाळी आले ते कागद हातात घेऊन, खिडकीत अडकवले, म्हणाले, चल, विचार. आणि मला इतकं बरं वाटलं — पेपर गेला म्हणून नाही हो! म्हणजे — अजून काही दिवस विचारायला मिळणार म्हणून. तुम्हाला नाही कळायचं. ही झाल्यापासून घरात बोलणं काय, तर दूध आणू का — आणा. लाइटचं बिल भरलं का — भरलं. झालं, दिवस संपला. हे मोबाइलकडे बघणार, मी हिच्याकडे. पण उत्तर दिलं ना, की हे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे, मी बरोबर म्हणेपर्यंत. मी मुद्दाम थांबायची जरा. ताट विसळायचं, हात पुसायचे, मग म्हणायचं, बरोबर. लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतका वेळ बघितलं नव्हतं कुणी माझ्याकडे.

आता हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी? काकूंना सांगू नका बरं, त्यांच्या पोटात काही राहत नाही. आणि पास तर व्हायलाच हवेत. मी काय वाईट चिंतीन का? हिच्या तोंडात घास जायचाय. पण पास झाले, की मग संध्याकाळी विचारायचं काय? तुम्ही काय बोलता हो बायकोशी, घरी गेल्यावर? — राहू द्या, मशीनची वायर गुंडाळायला लागलात, कळलं.

थांबा. ऐकलंत? पुटपुटताहेत. ओठ मिटा हो, ओठ मिटा, ती बाई बघतेय — तारखेचाच प्रश्न आहे, तारखेचाच — मला येतंय हे, मला — धरा, धरा हिला जरा, नाहीतर बोलून जाईन मी. असं नाही, मानेखाली हात घाला. हां.

…

गप्प झाले. द्या इकडे हिला.

खुर्ची सरकली. — अहो? उठलात? झालं? … काय झालं, बोला ना … खरं? खरंच? अगं बाई! ठके, उठ गं, बाबा पास झाले तुझे! … अहो, आणि तो मघाचा, पुटपुटत होतात तो, तारखेचाच होता ना? वर्ष आधी घातलंत ना? … हं. हो, हो, साहेबांना करा आधी फोन. इथं नाही लागायचा, खाली जाऊन करा. … काय? कागद? … बरं. टाकते रद्दीत.

गेले.

बघितलंत, झाले पास. मी म्हणत नव्हते? … नाही हो, कुठं काय. हिचं बोट गेलं डोळ्यात. उठा आता. ते मशीन घ्या. — अहो, उठा ना मिस्त्री, किती वेळ बसायचं माणसानं दुसऱ्याच्या दारात?