तिनं थांबायला हवं होतं का?

सासू: शर्टाला इस्त्री होतेय, तोवर उत्तर द्या. सिनेमातल्या त्या बाईनं स्टेशनमास्तरशी लग्न केलं, ते चुकलं का?

बेकरीवाला: काकू, पहाटेपासून भट्टीपुढे उभा आहे, डोकं चालत नाही. त्यात तो एवढा लांबलचक सिनेमा! क्रांती कुठे सुरू झाली नि कुठे संपली, हेच मला कळलं नाही. झेंडे बदलले, मिशा बदलल्या, बर्फ तेवढा तोच.

सासू: क्रांती गेली खड्ड्यात. बाईचं बोला.

बेकरीवाला: बाईचं म्हणाल तर... नवरा बंदूक घेऊन गेला तो गेलाच. ना चिठ्ठी ना चपाटी. स्टेशनमास्तर बिचारा रोज कोळसा आणून टाकतो, बदल्यात काही मागत नाही. हो म्हणाली तर काय बिघडलं? माणसानं खिडकीत बसायचं तरी किती?

सून: काका, हा घ्या तुमचा शर्ट. कॉलर गरम आहे अजून, सांभाळून.

सासू: थांब गं. आणि शेवटी नवरा जिवंत परत येतो, त्याचं काय?

बेकरीवाला: ते मात्र वाईट झालं हो. एवढा बर्फ तुडवत येतो, रस्त्यातूनच तिच्या घरातला दिवा बघतो आणि तसाच मागे फिरतो. बायको माझी ढसाढसा रडली. मी नाही हं. माझ्या डोळ्यांत पीठ गेलं असेल.

सासू: म्हणजे तिची चूक नाही?

बेकरीवाला: नाही हो. असलीच तर त्या क्रांतीची. येतो काकू, पाव करपतील.

(तो जातो. सून इस्त्री उभी करून ठेवते.)

सून: आई, पुरे झालं हं आता. सिनेमा बघून आल्यापासून येईल त्या गिऱ्हाइकाला तोच प्रश्न. काल शाळेतल्या बाईंशी तुमचा वाद रंगला आणि इकडे चादर जळता जळता वाचली.

सासू: त्या म्हणाल्या, थांबायला हवं होतं. पोस्टमन म्हणाला, उलट उशीरच केला. कोपऱ्यावरच्या आजोबांना नटी छान होती एवढंच आठवतंय.

सून: आणि तुम्हाला कशाला एवढ्या चांभारचौकशा? अर्धा सिनेमा तर तुम्ही झोपेत काढलात.

सासू: डोळे मिटले होते, कान उघडे होते. मागच्या रांगेतल्या बायका काय बोलतात ते ऐकत होते. तिला नावं ठेवतात का, ते.

सून: ठेवली?

सासू: नाही. एक तर म्हणाली, "सुटली बाई एकदाची." म्हटलं, अंधारात बोलायला काय जातंय? उजेडात विचारून बघू.

सून: पण कशासाठी?

सासू: सिनेमातल्या बाईबद्दल लोक खरं बोलतात. आपल्याच गल्लीतल्या बाईबद्दल विचारलं असतं, तर तोंडावर गोड बोलले असते आणि पाठ फिरली की सुरू.

सून: ...कुणी सांगितलं तुम्हाला?

सासू: सांगायला कशाला हवं? तो औषधवाला हल्ली कडक इस्त्रीचा कोटसुद्धा परत इस्त्रीला आणतो. आणि तू त्याच्या बाह्यांवरून उगीच दोनदा हात फिरवतेस.

सून: मी अजून हो म्हटलेलं नाही, शपथ. रोज ठरवायचे, आज आईंशी बोलायचं. तोंडच उघडेना. ज्यांची वाट बघतोय, त्यांच्याच आईला कसं सांगायचं?

सासू: आणि मला विचारवेना. म्हणून तर गल्ली पालथी घातली.

सून: गल्लीचं झालं. तुमचं मत सांगा.

सासू: मला तिचा राग आला होता. ती अंगठी काढून ठेवते ना, तेव्हा वाटलं, उठावं आणि पडद्यावर जाऊन एक कानाखाली द्यावी. शेजारी बघितलं तर तू रडत होतीस. तोंडात रुमाल कोंबून, जराही आवाज न करता. इतकी वर्षं एका खोलीत झोपतो आपण, तू अशी रडतेस हे मला ठाऊक नव्हतं गं. मग राग कुठे गेला कोण जाणे.

सून: आई...

सासू: हो म्हणून टाक त्याला. भला माणूस आहे.

सून: त्यांच्याकडे मागची खोली रिकामी आहे. छान ऊन येतं. ती तुम्हाला मिळेल का, हे मी सगळ्यात आधी विचारलं. दोघी जाऊ आपण.

सासू: छे, मी नाही येणार. मी इथेच बरी.

सून: मग मीही नाही जात. यांची बोट बुडाली म्हणतात, पण हे सापडले कुठे? उद्या खरंच दारात येऊन उभे राहिले तर?

सासू: दार उघडायला मी आहे ना. वाट बघायला दोघी कशाला लागतात?