एकीपुरता स्वयंपाक

आई : अहो, त्या पातेल्याकडे असे टक लावून बघू नका. ते काही चावत नाही.

बाबा : चावत नाही, पण केवढंसं आहे ते! यात मी काय शिजवू? आमच्या मेसमध्ये एवढ्या भांड्यात नुसतं मीठ असायचं.

आई : आपल्या दोघांपुरतं शिजवा. लेक शाळेतून खाऊनच आलीय. आणि डॉक्टरांनी प्लॅस्टर माझ्या हाताला घातलंय, तोंडाला नाही. मला भूक लागते.

मुलगी : आई, जरा दम धर. वसतिगृहातल्या तीनशे पोरांना जेवू घालणारा माणूस तुला उपाशी ठेवेल का?

आई : तीनशे पोरांनी खाल्लं ना, मी कुठे खाल्लं? लग्न झाल्यापासून यांच्या हातचा घास माझ्या पोटात गेलेला नाही. सुट्टीवर यायचे तेही पाहुण्यासारखे. हात धुऊन बसायचे आणि म्हणायचे, ‘वाढ.’

बाबा : अगं, सुट्टीत कोण आपलं काम करतं? न्हावी सुट्टीत स्वतःचे केस कापतो का?

आई : आणि न्हाव्याच्या बायकोला सुट्टी कधी असते, तेही सांगून टाका.

बाबा : ...कांदे कुठे असतात?

मुलगी : खिडकीखालच्या टोपलीत. मी इथेच बसून माझ्या वर्गाचे इंग्रजीचे पेपर तपासते, म्हणजे भांडण झालं तर पंच हजर. बाबा, हे ऐका. एका मुलीनं लिहिलंय, ‘माय मदर इज अ कुक. शी कुक्स.’ आणि दुसरं वाक्य खोडून टाकलंय. तिला वाटलं असणार, तोच शब्द पुन्हा कसा येईल?

बाबा : बरोबरच वाटलं तिला. कुक म्हणजे माणूस. माझ्या बिल्ल्यावर होतं की, इथे, छातीवर.

मुलगी : माणूसही, आणि तो करतो ते कामही. आपल्याकडे आचारी निराळा, स्वयंपाक निराळा, आणि वर ‘करणं’ जोडावं लागतं ते निराळंच. इंग्रजीत एकाच शब्दात सगळं भागतं. स्वस्थ बसला की नाम, उठून कामाला लागला की क्रियापद.

बाबा : अस्सं? मग निवृत्तीच्या दिवशी त्यांनी बिल्ला काढून घेतला, तेव्हा...

मुलगी : तेव्हा नाम गेलं, बाबा. क्रियापद कोण काढून घेणार?

बाबा : हे मला आधी कुणी सांगायला नको? घरी आल्यापासून बाल्कनीत त्या नामासारखा बसून राहिलोय.

आई : बापलेकीचं व्याकरण आटोपलं असेल, तर कांदा चिरा.

बाबा : चिरला की.

आई : अगं बाई! अख्खी टोपली? आठवडाभराचे कांदे होते ते!

बाबा : सुरी एकदा चालायला लागली की हात थांबत नाही गं. बोलता बोलता झालं. आता कांद्याच्या मानानं बटाटे घालावे लागतील.

आई : अजिबात घालू नका.

बाबा : घातले. आता बटाट्यांच्या मानानं रस्सा. पोरी, माळ्यावरचं मोठं पातेलं काढ. नाही, त्याच्या मागचं. हां! याला म्हणतात भांडं!

मुलगी : बाबा, हे अख्ख्या जिन्याला पुरेल.

बाबा : मग जिन्यालाच बोलाव! वरचा इलेक्ट्रिशियन, समोरच्या नर्सबाई, तळमजल्यावरची ती दोन हडकुळी कॉलेजची पोरं. ताटल्या आपापल्या आणा म्हणावं, आणि लाजाल तर उपाशी राहाल!

(जिना जेवून गेला आहे. मोठ्या पातेल्याचा तळ चकचकतो आहे. स्वयंपाकघरात पुन्हा तिघेच.)

मुलगी : इलेक्ट्रिशियनकाका जाताना काय म्हणाले, ऐकलंत? म्हणाले, ‘तुमच्याकडचे सगळे दिवे मी फुकट बघीन.’

बाबा : पातेलं बघ, पुसून नेलंय पोरांनी! आज अंगात पुन्हा रक्त फिरतंय बघ.

मुलगी : आई, तू जेवलीच नाहीस? ताट तसंच आहे.

आई : भूक गेली.

बाबा : का? तिखट झालं? मीठ कमी पडलं?

आई : छान झालं असणार. लोकांची तोंडंच सांगत होती.

बाबा : मग?

आई : मी दोघांपुरतं म्हटलं होतं. तुम्ही जगाला शिजवून घालता, हे मी लोकांना तोऱ्यात सांगायचे. पण एकदा तरी कुणीतरी फक्त माझ्या भुकेच्या मापानं हात चालवावा, एवढंच मनात होतं. आजही मी पंगतीतलं एक ताटच झाले.

बाबा : अगं, मला थोडं करता येत नाही. थट्टा नाही, खरंच येत नाही. तीनशे ताटं खिडकीतून जातात, खिडकीतून रिकामी येतात. कुणाचा चेहरा बघावा लागत नाही. इथे तू समोर बसणार. एकटीसाठी केलं आणि बिघडलं, तर लपायला गर्दी कुठे आहे?

आई : म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला घाबरत होतात?

बाबा : तुला नाही. तुझ्या पहिल्या घासाला.

मुलगी : मी... हे पेपर आतल्या खोलीत नेते.

आई : बस गं. तुझ्यापासून काय लपवायचंय? अहो, आता कुठे निघालात?

बाबा : कुठेही नाही. तो लहान तवा कुठे असतो?

आई : खाली, डावीकडे. त्याहून लहान. अजून लहान. हां, तोच.

बाबा : इकडे बघू नकोस.

आई : मी बघणार. माझ्यासाठी चाललंय, ते मी नको बघू?

बाबा : बघ बाई, बघ. मीठ चिमटीत घेतलंय, मुठीत नाही. आच बारीक. आता गप्प बस, नाहीतर उलटताना मोडेल.

मुलगी : नाही मोडलं!

आई : वास किती छान सुटलाय. अहो, किती अंडी फोडलीत?

बाबा : एक.