मापाचा शर्ट

हॅलो? … हो, हेमाताई, मी अवधूतच. … जेवलो, जेवलो. ताई, ते राहू दे. माझा पांढरा शर्ट कुठे आहे?

… उद्या पदवीदान आहे, म्हणून विचारतोय. गाऊनच्या आत पांढराच शर्ट हवा, असा नियम आहे. आणि माझ्याजवळ पांढरा तो एकच.

… परटाकडे? कोणत्या परटाकडे? … अगं, रविवारी तू खोलीवर आलीस, तेव्हा तो खुंटीवर होता. तू गेलीस आणि खुंटी रिकामी झाली. रोज रात्री त्या रिकाम्या खुंटीकडे पाहत झोपतोय मी.

… चोर कुठे म्हणालो तुला? … हो, हो… अगं ऐक ना. … भागवतनं नेला? भागवत इथंच आमच्या खोलीत बसलाय, माझ्यासमोर. देऊ त्याला फोन? … मग का नको?

… बरं. आता शिंप्याकडे. कशाला पण? त्याचं एक बटणही तुटलेलं नव्हतं.

… ताई, मागून कोण बोललं? बापू ना? ‘सांगू नको’ म्हणाले ते. मला ऐकू आलं.

… मापाला? माझ्या मापाचं काय शिवायचंय? … सूट. … राणीसावरगावात आपल्या घरी कुणी कधी सूट घातलाय? कोण शिवतंय? … कोण झरीचे पाहुणे?

… मधुवंती कोण?

… थांब. म्हणजे मुलीकडच्यांनी माझ्या शर्टावरून सूट शिवला. उद्या ते तो घेऊन समारंभाला येणार. आणि मी तो चारचौघांत अंगावर घातला, की सोयरीक पक्की. असंच ना?

… ‘लय चांगली मानसं हायेत.’ असतील. मी कुठे नाही म्हणतोय? पण तिला कुणी विचारलंय का? … ‘ती काय न्हाई म्हनायलीय व्हय.’ ताई, मीही आजवर घरात कशालाच नाही म्हटलेलं नाही. ते सगळे होकारच होते, असं वाटतं तुला?

… नको, बापूंना नको देऊस… ताई…

… हो, बापू. … हो. … नाही, आवाज चढवला नाही मी. … नापसंत कशी असेल? मी तिला पाहिलेलंच नाही. तिनंही माझा फक्त शर्ट पाहिलाय.

… शिकलो म्हणून नाही, बापू. … तुम्ही या ना. मुलाची पदवी बघायला फेटा बांधून या. गंगाखेडहून पहिली गाडी धरा. पाहुण्यांनाही आणा, मी सगळ्यांच्या पाया पडेन. सूट मात्र… सूट मी घालणार नाही. आधी तिच्याशी बोलेन. ती आपल्या मनानं हो म्हणाली, तर… मग पाहू.

… मग आत काय घालणार, म्हणता?

… भागवतचा शर्ट घालीन. बाह्या आखूड होतात. होऊ देत.

… काय? … तुमचा? पंचमीला शिवलेला पांढरा नेहरू शर्ट? … ढगळ होईल मला. … नाही, चालेल. गाऊनच्या आत कुणाला दिसतंय? … हो, घालीन. … खरंच घालीन, बापू.

… पण बापू, तो… तुमचाच आहे ना? झरीहून आलेला नाही ना?

… हसताय का? … ताई का हसतेय? … बापू?

… ठेवला फोन.