घागरीतलं मत

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. जालन्याच्या जिनिंगपुढं कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. आपल्या गाडीवर बसलेल्या कमरबीचे कान मात्र भिंतीशी बोलत बसलेल्या दोन कामगार बायकांकडं लागले होते.

"सोनूबाई, मालक कबूल झाला! औंदा मुकादम निवडताना हात वर न्हाई करायचे. घागरीत दाणा टाकायचा. आत्ताच्या मुकादमाला, रामकिसनला तूर, आपल्या सगुणाबाईला सरकी."

"हातात काय वाईट होतं गं द्वारकाबाई? समद्यांसमोर मोजणी. लबाडीला जागाच न्हाई."

"अन् सगुणाबाईसाठी हात वर केला म्हणून रामकिसननं भागूचं काम बंद केलं, ते?"

"ते बी खरंच. पर घागरीत कुणी मूठभर सरकी टाकली तर?"

"दारात रामकिसन अन् सगुणाबाई दोघं बसणार. एकेकीला एक तूर, एक सरकी देणार. आत जाऊन एक दाणा घागरीत टाकायचा, दुसरा पोत्यात."

"बिलकुल बराबर! कुणाचं कुणाला कळणार न्हाई."

"मंग! जिंकलोच म्हण!"

"थांब, थांब. घागर पितळेची हाय ना?"

"हो की."

"मंग तूर टणकन वाजंल. सरकीला कापसाची लव, ती पडली तर हूं न्हाई की चूं न्हाई. रामकिसनला दारात बसून समद्याजणींचं मत कळंल!"

"अगं बाई! अन् आत बोलावून राह्यलेत की!"

कमरबीला राहवलं नाही. तिनं गाडीतला मूठभर कापूस उपसला आणि वाकून खाली धरला.

"ओ बाई, ये लेव! घागरीच्या बुडाला अंथरा. जल्दी!"