कोरडी म्हंजे किती कोरडी?

...नाही, पन तुमी मले एक सांगा, कोरडी म्हंजे किती कोरडी? पोट्टीनं फोनवर म्हनलं, "बाबा, धा किलो तूर आना, कोरडी, पोत्यातली, जशी हाये तशी." आता 'जशी हाये तशी' हे ते कोनाले सांगून राहिली? मले! अकोल्याच्या दालमिलमंदी एकतीस वर्सं तुरीत गेले माहे!

तुमाले सांगतो, माही दामिनी अमरावतीले इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्साले. तिचा प्रोजेक्ट काय? तं सुका दाना जोरात घासला का तो कसा वागते! म्या म्हनलं, बाप्पा, याच्यासाठी कॉलेज काहून लागते? मिलमंदी येऊन बस, चहाही भेटन! पन नाही, तिनं मशीन बनवली. दोन गोल चकत्या, खालची गप बसेल, वरची गरागरा फिरनारी, मधात तूर. घरचं जातंच म्हना, फक्त पीठ पाडाचं नाही.

मंग म्या तूर काढली. चांगली निवडून काढली. पन ते दिसे भुरकी, धुळीची... माह्या पोट्टीचा माल कॉलेजच्या सराइसमोर असा जाईन? आमी मिलमंदी काय करतो, तुरीचं साल सुटावं म्हनून तिले तेल लावतो. हाताले सवयच ते! जवसाचं तेल घेतलं, दोनी हातानं चोयलं, दाना कसा चकचक! पोतं अमरावतीले धाडलं. तिले सांगतलं का? काहून सांगू? एकतीस वर्सं तुरीत गेले माहे!

चार दिवसानं तिचा फोन. रडून राहिली होती. "बाबा, सर म्हनतात मशीनच चुकली. शनिवारी परीक्षक येऊन राहिले, नाही चालली तं वर्स जाते माहं." मी जेवनावरून उठलो, हात धुतला, थेट अमरावतीची गाडी धरली.

कॉलेजात तिचे केदार सर होते. मानूस चांगला, पन पुन्याचा... म्हंजे बोलनं असं इस्त्री केल्यावानी! "काका, हळू फिरवलं की दाणे एकमेकांवर रेलून सरकतात. जोरात फिरवलं की ते आदळतात, उसळतात, त्यांना जास्त जागा लागते, आणि ते वरची चकती उचलतात. दामिनीच्या मशीनमध्ये उचलतच नाहीत. गठ्ठा होऊन फिरतात."

गठ्ठा? म्या चकतीखाली बोट घातलं, दोन दाने काढले, चोयून पायले... बोटं चकचक! माह्याच तेलानं दाने एकमेकाले चिकटले होते ना भाऊ!

इकडं पोट्टी मान खाली घालून म्हनून राहिली, "चूक माहीच हाये सर, चकती वाकडी बसली असन, मी पुन्ना खोलतो." चार दिवसात तिनं ते मशीन सात खेप खोलली होती. बोटाइले पट्ट्या! आता इथं कोनाले मालूम होतं? एकट्या मले. गप बसलो असतो तं माही इज्जत शाबूत होती, तिचं वर्स गेलं असतं. तरी सांगतो तुमाले, मी गप बसलो. एक मिनिट. पुरं एक मिनिट, स्वताच्या पोट्टीसमोर! त्याची लाज मले अजून वाटते.

मंग म्हनलं, "सर जी... म्या तेल लावलं तिले."

सर म्हने, "कुणाला?"

"तुरीले जी."

दामिनीनं माह्याकडं पायलं. रागावली नाही. रागावली असती तं बरं झालं असतं! फक्त म्हने, "बाबा, तुमी?" ...एकतीस वर्सं तुरीत गेले माहे, आन् दोन शब्दात उतरले.

बाजारातून धा किलो तूर आनली. भुरकी, धुळीची, जशी होती तशी. पयले हळू फिरवली, गप सरकली. वेग वाढवला, आवाज बदलला, सरसर होती ते तडतड झाली, अजून वाढवला, आन् वरची चकती, लोखंडी, जड... उचलली ना दान्याइनं! नखभर, पन उचलली! मी पायतच राहिलो. जिंदगीभर मले पोतं दिसलं, वजन दिसलं, मालकाची घाई दिसली. दाना दान्याले कसा धक्का देते, हे म्या कधी थांबून पायलंच नव्हतं. माह्या पोट्टीनं मले माहीच तूर दाखवली.

शनिवारी पास झाली. तिच्या प्रोजेक्टचं पुस्तक छापून आलं, जाड पुठ्ठ्याचं. इंग्रजीतून. म्हने, "बाबा, तुमचं नाव हाये यात." मी म्हनलं, आभार मानले असन. तं तिनं पान काढलं, 'प्रयोगात झालेल्या चुका', आन् पयलीच ओळ मले मराठीत करून वाचली, "नमुन्यावर तेल. लावणारे, भगवंत पुंजाजी, अकोला."

आता मी मिलमंदी सगळ्याइले सांगतो, पोट्टीच्या पुस्तकात नाव हाये माहं. इंग्रजी कोनाले वाचता येत नाही... तेवढं बरं हाये.