हॉटेलातली जाळी

मी रानशेतचा, नाव रघुनाथ, पाड्यावर रघ्या बोलतात, आणि मागून आणखी काय काय बोलतात ते पण मला ठाऊक आहे, ते लिहा नाय तर नका लिहू. आधी मला सांगा गुरुजी, आशागडवरनं वही घेऊन एवढे आलात ते माझं ऐकायला आलात का माझ्या चुलतभावानं, बाळूनं पाठवलं म्हणून आलात? त्यानं नाय ना पाठवलं? मग चहा घ्या, आणि कपाकडं असं बघू नका, धुतलेला आहे.

तर आमचं घर म्हणजे मानाचं घर. पाड्याची होळी रचायला सगळे असतात, रानातनं लाकूड आणायला सगळे असतात, पण विस्तव लावायचा तो आमच्याच घरातल्या माणसानं, दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाय. आजा लावायचा, मग बाप, बाप गेला तेव्हा मी मुंबईला कामाला होतो तरी मान माझ्याकडं आला. काय सांगू तुम्हाला, दिवाळीला नाय आलो, पोराच्या बारशाला नाय आलो, पण होळी चुकवली नाय, साहेब ओरडायचा, तुझी ती होळी काय पळून चालली का, मी बोलायचो, नोकरी पळाली तरी चालेल.

मुंबईत एका मोठ्या हॉटेलात होतो. आधी भांडी घासली. मग त्यांनी तिथं स्टेकहाऊस काढलं, म्हणजे मांसाचे जाड जाड तुकडे लाकडाच्या विस्तवावर भाजून द्यायचे, गॅस नाय, कोळसा नाय, लाकूडच पाहिजे, त्याचे पैसे घ्यायचे. भट्टीसमोर उभं राहायला कोणी तयार नव्हतं, अंगाची लाही व्हायची, तर मला उभा केला, बोलले, गावचा आहेस, तुला सवय असेल. सवय कसली डोंबलाची! आमच्या घरात चुलीपुढं आई बसायची. पण उभा राहिलो आणि केस पिकेपर्यंत उभाच राहिलो. गिऱ्हाईक म्हणजे एकेक नमुना, आतनं लाल पाहिजे बोलायचे आणि लाल दिलं की रक्त आहे म्हणून परत पाठवायचे, आणि परत आलेलं बघून शेफ शिव्या कोणाला देणार, तर मला.

मग एक दिवस नवीन साहेब आले, त्यांच्या नाकात धूर गेला. झालं, बंद करा. आता तिथं काचा लावल्यात, पांढऱ्या गाद्या टाकल्यात आणि लोकं येऊन डोळे मिटून श्वास घेतात, योगा बोलतात त्याला, पैसे देऊन श्वास घेतात हो, नंतर हिरवा ज्यूस पितात. भट्टीच्या जागी कुंडी आहे. आम्हाला सांगितलं, भंगारातनं काय पाहिजे ते न्या. मी भट्टीची लोखंडी जाळी घेतली, चांगली दारासारखी लांब, दोघांना उचलत नाय अशी. ट्रकवाल्याच्या हातापाया पडून चारोटीपर्यंत आणली, तिथनं जीपच्या टपावर.

तीच जाळी नडली.

ह्या बाळूच्या पोरीचा साखरपुडा होता. रघ्या, तुझी जाळी दे, कोंबड्या भाजू. मी जाळी दिली, वर भाजून पण दिल्या, घामानं निथळत. सगळा पाडा जेवला, बोटं चाटून जेवला, म्हातारी माणसं दुसऱ्यांदा ताट घेऊन आली. आणि बाळू ढेकर देऊन विचारतो, रघ्या, हॉटेलात यावर काय भाजायचास रे? त्याला वाटलं मटण. मी बोललो, म्हशीचं. आता विचारलं तर काय सांगणार? ताटं तिथंच राहिली. एक जण मागं जाऊन ओकला, त्याचं बघून दुसरा. बाळू बोलतो, तू खाल्लंस? मी बोललो, चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला देतात काय? म्हैस दूध देते तेव्हा चालते ना तुम्हाला!

दुसऱ्या दिवशी पाड्याची बैठक. सगळ्यांना बाटवलं बोलतात. जाळी ओहोळात टाक, गोमूत्र घे, देवापुढं उभा राहून चुकलो बोल, नाय तर होळीला हात लावायचा नाय. अरे, कशाला चुकलो? याच बाळूच्या बापाला कासाच्या दवाखान्यात घातला तेव्हा माझ्या पगारातनं घातला, तेव्हा पगाराला म्हशीचा वास नाय आला? हे तोंडावर बोललो. मी चुकलो नाय, मी बोलणार नाय.

मग बाळूनं डोकं चालवलं. मान घराचा आहे ना, मग पोराला द्या, महेशला, पण त्यानं बापापासनं चूल वेगळी करायची. बायको माझी, सुमन, रडायला लागली, एक शब्द बोलून टाका हो, शब्दाला काय लागतं? महेश बोलला, बाबा, मान बाळूकाकाच्या घरात जाईल, आज्यानं सांभाळला तो जाईल, तुम्ही बोला, नाय तर मला चूल वेगळी करावी लागेल. मी बोललो, कर. मला वाटलं नाय करणार.

त्यानं केली. घरात मधे कुडाची भिंत घातली. तिकडं त्यांचा भात शिजतो, इकडं पडवीत माझा. जाळी इथंच आहे, हिच्यावरच बोंबील भाजतो, मुद्दाम, वास तिकडं जाऊ दे. सुमन तिकडं जेवते आणि इकडं येऊन माझी भांडी घासते, माझ्याकडं बघत नाय.

यंदाची होळी पोरानं पेटवली. मी पडवीतनं बघितलं. चांगली पेटवली, एका काडीत. आमच्यात काय आहे, होळीत भाजलेला नारळ फोडायचा आणि पहिलं खोबरं पेटवणाऱ्यानं आपल्या बापाच्या हातावर ठेवायचं. मी उठून उभा राहिलो हो, टोपी पण घातली. तो खोबरं घेऊन इकडं चार पावलं आला, मग मागं बघितलं, आणि जाऊन बाळूच्या हातावर ठेवलं. बाळूनं खाल्लं. सगळे ओरडले, होळी रे होळी.

सुमननं नंतर पदराखाली एक तुकडा आणला. महेशनंच दिलाय बोलली, कोणाला सांगू नका. मी बोललो, परत ने. ती ठेवून गेली. मी खाल्ला नाय, मुंग्यांनी खाल्ला.

पोराचं वाईट व्हावं असं नाय माझ्या मनात, त्याच्या हातनं पुढं पण होळी पेटू दे, देव त्याला बरकत देवो, हे लिहा. आणि हे पण लिहा, खोबरं द्यायचं असेल तर त्यानं स्वतः यावं, सगळ्या पाड्याच्या देखत यावं. मी हात पुढं करीन. लपून आला तर दार लावून घेईन.